वहीतून ब्राउझरमध्ये: वाड्यावरच्या मंडळासाठी रोजची ऑनलाइन साधने

प्रश्न थोडक्यात असा. फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरचे मंडळ आहे. चतुर्थी, भजनी सप्ताह आणि वर्षाकाठी एक मराठी नाटक हे त्याचे काम. साधारण दीडशे घरांची वर्गणी जमते. पावत्या, सभेची इतिवृत्ते, नाटकाची हस्तपत्रके, कलाकारांचे फोन नंबर हे सगळे अर्धे वहीत आणि अर्धे कोणाच्या तरी मोबाइलमध्ये अडकले आहे. नव्या सचिवांकडे एक जुना लॅपटॉप आहे. काहीही विकत न घेता रोज उपयोगी पडतील अशी वेब साधने कोणती आणि ती नेमकी कशी वापरावीत, असे त्यांनी विचारले आहे.

साधनांची नावे सांगण्याआधी निवडीची कसोटी सांगतो. माहिती आत घालणे प्रत्येक साधनात सोपे असते. ती बाहेर कशी निघते, हे आधी तपासा. गूगलने स्वतःचे रीडर (संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र वाचण्याचे साधन) २०१३ मध्ये बंद केले, जॅमबोर्ड (ऑनलाइन फळा) २०२४ च्या अखेरीस. एवढी मोठी कंपनी असे करते, तर कुठल्याशा फुकट ॲपने उद्या दार लावले तर तक्रार कोणाकडे करणार? म्हणून जे साधन तुमची माहिती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी), पीडीएफ किंवा साध्या मजकुराच्या रूपात परत देते तेच घ्यावे. वहीचे पान कधीही उघडता येते. ऑनलाइन वहीचेही तसेच हवे.

दुसरी गोष्ट खात्याची, आणि मंडळांची कामे सर्वांत जास्त इथेच अडतात. सचिवाच्या खासगी जीमेलवर वर्गणीची यादी तयार होते, तीन वर्षांनी सचिव बदलतो आणि यादी त्याच्याबरोबर जाते. मंडळाच्या नावाचे वेगळे गूगल खाते पहिल्याच दिवशी काढा. त्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. मात्र ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींची मिळून असते, त्यामुळे नाटकाचे व्हिडिओ तिथे साठवू नका. दुहेरी पडताळणी चालू करा. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो माणूस पद सोडेल किंवा नंबर बदलेल, हे गृहीत धरून गूगलचे बॅकअप कोड काढून ठेवा. हे १० कोड असतात, प्रत्येक ८ अंकी, आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून पावती पुस्तकांबरोबर कपाटात कुलुपात ठेवा, फोनमध्ये नको. पूर्वीच्या सचिवाच्या खात्यावर फाइली असतील तर त्यांची मालकी मंडळाच्या खात्याकडे वळवून घ्या. ड्राइव्हमध्ये शेअर करण्याच्या खिडकीतूनच हे होते, आणि समोरच्या खात्याने ते स्वीकारल्याशिवाय पुरे होत नाही. नुसते ‘एडिटर’ केल्याने भागत नाही. मूळ मालकाचे खाते पुसले गेले की फाइलही जाते.

आता मराठी टंकलेखन. विंडोज १० किंवा ११ असेल तर वेगळे सॉफ्टवेअर शोधू नका. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे लँग्वेज, मराठी जोडा. त्यात दोन कळफलक मिळतात. एक इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक, आणि दुसरा फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटवणारा. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. महिन्यातून एकदाच नोटीस लिहायची असेल तर फोनेटिक पुरे. इतिवृत्त तुम्हीच लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट शिका, माझा कल स्पष्टपणे तिकडे आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत बोटे वळतात आणि ‘ळ’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ यांसाठी अंदाज बांधावा लागत नाही.

हे बारीक वाटेल, पण यादीत नाव न सापडण्याचे एक कारण इथेच आहे. ‘ॲड.’ हा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर असते (युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, ते २००८ साली आले), दुसऱ्यात ‘अ’ वर चंद्र जोडलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. ‘ऱ्य’चेही तसेच. काही कळफलक खरे ‘ऱ’ वापरतात, तर काही साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावतात. एकाने फोनवर आणि दुसऱ्याने लॅपटॉपवर भरलेली नावे जुळवताना काही निसटतात ती यामुळे. उपाय म्हणजे मूळ नावे एकाच माणसाने, एकाच कळफलकावर टंकायची.

छापखान्यातून जुनी हस्तपत्रके मिळाली तर ती बहुधा श्रीलिपी, शिवाजी किंवा योगेशसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील. तो मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ऑनलाइन फाँट परिवर्तक असतात, पण फाँटचे नेमके नाव निवडले तरच काम होते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जाई, म्हणून परिवर्तनात चुका होतात त्या याच दोन जागी. ‘निमंत्रित’, ‘कार्यवाह’, ‘दुर्गा’, ‘क्षेत्र’ असे चार-पाच शब्द आधी तपासून पाहा. ते बरोबर उतरले तरच पूर्ण पान टाका.

वर्गणीच्या यादीसाठी गूगल शीट्स. हेच मंडळाचे मुख्य साधन, म्हणून इथे वेळ घालवा. एका शीटला एक कोटी पेशींची, म्हणजे चौकटींची, मर्यादा आहे. दीडशे घरे वर्षातून तीनदा वर्गणी देतात असे धरले तरी साडेचारशे ओळी होतात, तेव्हा जागेची काळजी नाही. मांडणीची मात्र आहे. वहीत एका घराला एक ओळ आणि पुढे चतुर्थी, सप्ताह, नाटक असे रकाने आपण आखतो. शीटमध्ये असे करू नका. दोन पाने करा. ‘घरे’ या पानावर घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, वाडा, फोन. ‘पावत्या’ या पानावर एका पावतीला एक ओळ: पावती क्रमांक, तारीख, घर क्रमांक, कारण, रक्कम, रोख की यूपीआय, व्यवहार क्रमांक. मग कोणत्या घराकडून किती आले हे सम-इफ सूत्राने किंवा पिव्होट टेबलने (आपोआप गोळाबेरीज करणाऱ्या तक्त्याने) क्षणात निघते. शीर्षक सुंदर दिसावे म्हणून पेशी एकत्र करू नका. त्यामुळे क्रमवारी लावताना सगळे घसरते.

घर क्रमांक म्हणजे मंडळाने स्वतः दिलेला अंक, नावावरून ओळख नव्हे. गोव्यात ही काळजी जास्तच घ्यावी लागते. जुन्या कागदांवर नाईक ‘नायके’ अशा पोर्तुगीज वळणाने येतात, कामत ‘कामोतिम’ होतात, प्रभू ‘पोरोबो’ आणि शेणवी ‘सिनाय’. एकाच घरातल्या दोन भावांच्या कागदांवर दोन स्पेलिंगे सापडतात. गावांच्या नावांचेही तसेच. सरकारी संकेतस्थळावर जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहायला गेलात तर तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग निवडावा लागतो, आणि तिथे पेडणे ‘पेर्नेम’, डिचोली ‘बिचोलिम’, केपे ‘केपेम’ अशा रोमन स्पेलिंगने यादीत असते. केपेचे रोमन स्पेलिंग तर क्यूपासून सुरू होते, ते ‘के’खाली शोधून मिळणार नाही. शेवटचा ‘एम’ हा पोर्तुगीज लेखनातला अनुनासिक, उच्चारात तो नाहीच. म्हणून ‘घरे’ पानावर मराठी नावाशेजारी कागदोपत्री रोमन स्पेलिंगचा एक रकाना ठेवा, आधार किंवा बँकेच्या पासबुकावर असेल तसाच.

शीट सुरू करतानाच तीन गोष्टी करून टाका. फाइल, सेटिंग्ज, लोकेल यात ‘इंडिया’ निवडा, नाहीतर ४/८ ही ४ ऑगस्ट न राहता ८ एप्रिल होते आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. फोनचा रकाना ‘प्लेन टेक्स्ट’ करा. तसे न केल्यास अधिकचे चिन्ह लावून ९१ टंकले की शीटला ते सूत्र वाटते. आणि रकमा इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंक शीटला मजकूर वाटतात, बेरजेत धरले जात नाहीत, आणि बेरीज चुकली तरी चुकीची खूण कुठेच दिसत नाही. पावती देवनागरी अंकांत हवी असेल तर ती छापताना करा, हिशेबात नको.

यूपीआयचे पैसे मंडळाच्या बँक खात्याच्याच क्यूआरवर घ्या, खजिनदाराच्या खासगी क्यूआरवर नाही. स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नका, तो बनवता येतो. प्रत्येक व्यवहाराला १२ अंकी क्रमांक असतो. तो शीटमध्ये भरा आणि आठवड्यातून एकदा बँकेच्या विवरणाशी ताडून घ्या. हा रकानाही प्लेन टेक्स्टच ठेवा, म्हणजे सुरुवातीचे शून्य गळणार नाही.

शीट ‘दुवा असलेल्या कोणालाही’ अशी उघडी करून गटात टाकू नका. त्यात दीडशे घरांचे फोन नंबर आहेत. पाहण्याचा अधिकार समिती सदस्यांना त्यांच्या ईमेलवर द्या, बदलण्याचा फक्त सचिव आणि खजिनदार यांना. कोणी चुकून रकाना पुसला तर फाइल, व्हर्जन हिस्टरी यातून कालची प्रत परत येते. शीटची सीएसव्ही उतरवून एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीचा चिवडा दिसू शकतो. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. एक्सेलमध्ये डेटा, फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही या मार्गाने ती आणा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

नाटकासाठी कलाकारांची नावनोंदणी किंवा जेवणाची मोजणी करायची तर गूगल फॉर्म्स. उत्तरे आपोआप शीटमध्ये पडतात. दोन ठिकाणी लोक अडतात. ‘एका व्यक्तीला एकच प्रतिसाद’ हे चालू केले किंवा फोटो चढवायला सांगितला की भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावे लागते. वयस्क मंडळी तिथेच सोडून देतात. हे दोन्ही टाळा, फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. फोन नंबरासाठी रिस्पॉन्स व्हॅलिडेशन (उत्तराची तपासणी) लावा: नंबर, बिट्वीन, ६०००००००००  ते ९९९९९९९९९९. भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणून एवढ्याने अर्धवट नंबर अडतात.

जुनी छापील स्मरणिका किंवा टंकलिखित इतिवृत्ते संगणकात आणायची असतील तर ड्राइव्हमध्येच सोय आहे आणि ती लोकांना माहीत नसते. पानाचा फोटो सरळ, सावली न पाडता काढा, फाइल २ एमबीच्या आत ठेवा, ड्राइव्हवर चढवा, तिच्यावर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ’, ‘गूगल डॉक्स’. वर चित्र आणि खाली मजकूर येतो. स्वच्छ छापील मराठी चांगली वाचली जाते. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात, दोन स्तंभांची पाने एकमेकांत मिसळतात. अशा पानाचे आधी दोन तुकडे करा. हस्ताक्षरासाठी याच्यावर विसंबू नका, आणि मोडीसाठी तर नाहीच.

हस्ताक्षराच्या वह्यांना सोपा मार्ग म्हणजे वाचून दाखवणे. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, टूल्स, व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी, आणि सावकाश बोला. मराठीत विरामचिन्हे बोलून उमटत नाहीत, ती नंतर घालावी लागतात. सावईवेरे, बांदिवडे, खांडेपार अशी गावांची नावे आणि घरांची आडनावे हमखास बिघडतात. म्हणून प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून दुरुस्त करा, संपूर्ण वही एकदम सांगून मग तपासायला बसू नका.

पंचायतीकडून किंवा सरकारी खात्याकडून कोकणीत काही आले, किंवा कोकणीत काही पाठवायचे असेल, तर गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२२ पासून कोकणी आहे. अर्थ कळण्यापुरते ते ठीक. बाहेर पाठवायचा मजकूर मात्र कोकणी लिहिणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. मराठीच्या इतक्या जवळच्या भाषेत यंत्र मधेच मराठी रूप घुसवते, आणि आपल्याला ते बरोबरच वाटते.

हस्तपत्रकासाठी कॅनव्हा हे मांडणीचे संकेतस्थळ. फुकट खाते पुरते. फाँट निवडताना एकाच गोष्टीकडे पाहा: ‘ल’ आणि ‘श’. बरेच देवनागरी फाँट ही अक्षरे हिंदी वळणाची दाखवतात. गूगल फाँट्समधला ‘टिरो देवनागरी मराठी’ मराठी वळणाचा आहे, आणि निमंत्रणपत्रिकेला तो शोभतो. दुरून वाचायच्या फलकाला ‘मुक्ता’चे जाड वजन बरे. छापखान्याला चित्र नव्हे, ‘पीडीएफ प्रिंट’ पाठवा, चारही कडांना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ठेवून. पडद्यावरचा भडक शेंदरी कागदावर मळकट उतरतो, कारण पडदा आणि शाई यांचे रंग वेगळ्या पद्धतीने बनतात. एक नमुना छापून घेतल्याशिवाय पाचशे प्रती सांगू नका.

पत्रकावर क्यूआर टाकायचा असेल तर सावध. क्यूआर फुकट बनवून देणारी बरीच संकेतस्थळे ‘डायनॅमिक’ क्यूआर देतात. तो आधी त्यांच्या संकेतस्थळाकडे नेतो आणि तिथून तुमच्याकडे. चाचणीचा काळ संपला की ते पैसे मागतात आणि छापलेला फलक मुका होतो. क्रोममध्ये पान उघडून शेअरच्या यादीत ‘क्रिएट क्यूआर कोड’ आहे, तो थेट तुमच्या दुव्याचा असतो आणि कालबाह्य होत नाही. भोवती पांढरी मोकळी जागा क्यूआरमधल्या चार सर्वांत बारीक चौकोनांइतकी तरी सोडा. आकार साधारण अंतराचा दहावा हिस्सा. मांडवाच्या खांबावरचा क्यूआर दोन मीटरवरून टिपायचा तर तो २० सेंमीचा हवा. मध्ये गणपतीचे चित्र घालायचा मोह आवरा, घालायचेच तर छोटे, आणि छापण्याआधी तीन वेगवेगळ्या फोनवर टिपून पाहा.

परवानग्यांचे अर्ज राज्य सरकारच्या ‘गोवा ऑनलाइन’ संकेतस्थळावर भरताना अडते ते कागदांच्या आकारावर. फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, संकेतस्थळ केबीमध्ये मर्यादा घालते. यासाठी ‘स्क्वूश’ वापरा. ते चित्र ब्राउझरमध्येच लहान करते, कुठेही पाठवत नाही. रुंदी १२०० पिक्सेल, मॉझजेपेग (जेपेगचाच एक प्रकार), गुणवत्ता ६० ते ७०. एवढ्यात बहुधा दोनशे केबीच्या आत येते आणि अक्षरे वाचता येतात. पीडीएफमधली दोनच पाने हवी असतील तर ब्राउझरमध्ये उघडून प्रिंट, ‘सेव्ह ॲज पीडीएफ’, आणि पानांचे क्रमांक लिहा. पीडीएफ जोडणारी-तोडणारी संकेतस्थळे फाइल आपल्या सर्व्हरवर घेतात. नाटकाच्या पत्रकाला ती चालतील, आधारला मुळीच नाही. आधार द्यावेच लागले तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार रोमन कॅपिटल अक्षरे आणि जन्मवर्ष.

व्हॉट्सॲप वेबबद्दल थोडेच. एका खात्याला चार जोडसाधने चालतात. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर ती सुटतात. छापखान्याला फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन अस्पष्ट होतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी मंडळाचा नंबर साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. ‘मला मिळालाच नाही’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच.

कॅलेंडरमध्ये उत्सव ‘दरवर्षी पुनरावृत्ती’ लावून टाकू नका. चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची, वास्कोचा सप्ताह श्रावणातला. तिथीचे सगळे दरवर्षी पंचांग पाहूनच भरावे लागते. वर्षाच्या सुरुवातीला वीस-पंचवीस तारखा शीटमध्ये लिहा, सीएसव्ही करा आणि कॅलेंडरमध्ये एकदम आयात करा. तालमीच्या वारांना मात्र साप्ताहिक पुनरावृत्ती योग्य.

पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जाते, आणि चतुर्थीची खरी घाई त्याच दिवसांत. ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑफलाइन’ची खूण नेट असतानाच करावी लागते, गेल्यावर नाही. क्रोम किंवा एजमध्येच ती चालते, इनकॉग्निटो खिडकीत चालत नाही. खूण केल्यावर ‘घरे’ आणि ‘पावत्या’ असलेल्या शीटवर ‘अव्हेलेबल ऑफलाइन’ निवडा, वायफाय बंद करून एकदा उघडून पाहा. दोघांनी ऑफलाइन एकाच ओळीत बदल केले तर एकाचा बदल दबतो, म्हणून त्या दिवसांत वाडे वाटून घ्या. एका वाड्याच्या ओळी एकानेच भरायच्या.

शेवटी सगळे बाहेर काढून ठेवण्याचे काम. गूगल टेकआउटमध्ये जा, सगळ्याची खूण काढून फक्त ड्राइव्ह निवडा. डॉक्स वर्डच्या रूपात आणि शीट्स एक्सेलच्या रूपात झिप होऊन येतात. दर दोन महिन्यांनी, वर्षभर, असे वेळापत्रक तिथेच लावता येते. दुवा ईमेलने येतो आणि साधारण आठवडाभरच चालतो, तेव्हा तो उतरवणे कोणाचे काम हे नाव घेऊन ठरवा. झिप पेनड्राइव्हवर घेतल्यावर तिथेच उघडा आणि ‘पावत्या’ पानाची बेरीज बँकेच्या आकड्याशी एकदा जुळवून पाहा. झिप अर्धवट उतरली असेल तर ते तिथेच कळते आणि दुवा चालू असेपर्यंत ती पुन्हा घेता येते.